किमोनंतरची बस

(पहाट. बेळगाव जिल्हा, खानापूर बसस्थानक.)

किमोला निघताना आत्या दोन वस्तू विसरत नाही. आधार कार्ड आणि काळी कॅरीबॅग. जाताना पिशवी घडी घालून कमरेला खोचलेली, येताना उघडून दोन्ही हातांत धरलेली. पिरनवाडी मागे पडते न पडते तोच तिच्या पोटात ढवळायला लागतं. "खिडकी उघड रे बाळ," एवढंच म्हणते.

डॉक्टर उलट्यांवर गोळ्या देतात. पुष्कळांना त्या लागू पडतात, आत्याला पुरत नाहीत. गांजातल्या द्रव्याची नक्कल करून बनवलेली ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन ही औषधं अशाच उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५ साली मंजूर झाली. त्याच वर्षी आपल्याकडे अमली पदार्थांना आळा घालणारा एनडीपीएस कायदा आला. तेव्हापासून गांजा म्हटलं की पोलीसच डोळ्यांपुढे येतात.

पण त्याच कायद्याचं कलम १० वाचा. वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी गांजाला परवानगी देण्याचा, त्यावर नियम घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे.

(निपाणी. तंबाखूची पोती.)

राजकारणात औषधी गांजाला पाठिंबाच नाही, असंही नाही. २०१६ मध्ये पटियाळ्याचे खासदार धर्मवीर गांधी यांनी कायदा बदलण्यासाठी खासगी विधेयकाची वाट धरली. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधींनी औषधी वापराची बाजू मांडली. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजा सर्वांत कडक यादीतून काढायच्या बाजूने भारताने मत दिलं. हिमाचलची विधानसभाही २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने उभी राहिली.

मग आपले आमदार? निपाणीच्या तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. पिकासाठी एवढं लढलेल्या मुलखाने रोग्यासाठीही बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

पानटपरीवर गांजा मिळावा, असं मी म्हणत नाही. पोरं बिघडतील ही आयाबायांची भीती खरी आहे. पण वेदना शमवणारं मॉर्फिन तर अफूचंच ना? २०१४ मध्ये संसदेने याच कायद्यात दुरुस्ती करून रोग्यांना ते मिळणं सोपं केलं. तसंच इथेही व्हावं : चाचणी झालेलं औषध, डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानात नोंद.

(हलगा. सुवर्ण विधानसौध.)

कर्नाटक विधानसभेचं हिवाळी अधिवेशन इथेच भरतं, आत्याच्या दवाखान्यापासून काही मैलांवर. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या आमदारांनी तिथे उठून कलम १० बद्दल विचारावं.

पुढची किमो मंगळवारी आहे. आत्याने पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली आहे.