पाकिटावर एकच शब्द: बोट

(पडद्यावर: खाकी पाकीट. त्यावर पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द.)

हे पाकीट माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं. पेटीत जमिनीचे कागद होते, पंचांगं होती, एक चष्मा होता आणि सगळ्यांच्या तळाशी हे पाकीट. वर एकच शब्द, आजोबांच्या टोकदार अक्षरात: बोट.

आमचं घर फोंडा तालुक्यातलं. आजोबा नोकरीला मुंबईत, गिरगावात. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा होती. कमावता माणूस मुंबईला आणि चूल गोव्यात. मुंबईहून घरी यायला वाटा मोजक्याच, एक कॅसलरॉकवरून घाट उतरणारी रेल्वे आणि दुसरी बोट. आजोबांना बोटच आवडायची. त्यामुळे पाकिटात काय असणार हे उघडण्याआधीच कळलं होतं. बोटीची तिकिटं, वेळापत्रकाचा एक फाटका कागद, सामानाची पावती.

पण त्यातच एक कागद असा निघाला, ज्यात बोटीचं नावही नव्हतं. ते नाटकाचं हँडबिल होतं. गुलाबी, पातळ, जत्रेच्या आधी गावभर वाटतात तसलं. त्याच्या मधोमध छापलेला एक हात, आणि त्या हाताचं पुढे केलेलं बोट.

मी बरीच वर्षं समजत होतो की आजोबांनी मुद्दामच हे दोन्ही एकत्र ठेवलं. पाण्यावरची बोट आणि हाताचं बोट. मराठीत शब्द एकच, घरी आम्ही कोंकणी बोलतो तिथेही बोटाला बोटच. त्या पाकिटापासून मी या शब्दाखाली येणारे छापील कागद गोळा करायला लागलो. तिकिटं, चित्रं, व्यंगचित्रं, नोटा, जाहिराती. आज तेच दाखवतो आहे.

(पडद्यावर: तिकीट, अगदी जवळून.)

हे तिकीट पाहा. जाड पुठ्ठ्याचं, माझ्या अंगठ्याएवढं रुंद. एका कडेला पंचाचं भोक. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का, घाम लागून पसरलेला. छापलेले आकडे बोट फिरवलं तर अजून हाताला लागतात, कारण शिशाच्या अक्षरांचे खिळे कागदात रुतवूनच छपाई व्हायची.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला पोचायची. मधे दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. मालवण, वेंगुर्ल्याला बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला जायचे. डेकवर शिरल्याबरोबर पहिलं काम पथारी पसरण्याचं. चटई टाकली की तेवढी जागा तुमची, मग रात्रभर तिथे शेंगदाणे, गप्पा, भजनं आणि शेजाऱ्याचं पोर. आजी सांगायची, वाऱ्याची दिशा बघून पथारी टाकावी, नाहीतर बॉयलरची काजळी तोंडावर.

आणि "बोट लागली" हे वाक्य! पणजीच्या जेटीवर उभा असलेला माणूस ओरडला, तर बोट धक्क्याला आली. डेकवरची बाई कपाळ धरून म्हणाली, तर तिला मळमळतं आहे. तेच दोन शब्द, आणि ऐकणाऱ्याला अर्थ कधी चुकला नाही.

पणजीला उतरून फोंड्याकडे यायला पुन्हा पाणीच. मोटरच्या लाँचला आमच्याकडे गासोलीन म्हणायचे. दुर्भाटच्या धक्क्यावर उतरलं की पुढे चालत. आजोबा सांगत, त्या शेवटच्या वाटेवर पोरं त्यांचं बोट धरून चालायची. दोन पोरांना दोन बोटं, आणि ट्रंक डोक्यावर.

(पडद्यावर: टपाल तिकिटं आणि जुन्या नोटा.)

सरकारी छपाईत बोट वेगळ्याच थाटात येते. १८९८ मध्ये वास्को द गामाच्या सफरीला चारशे वर्षं झाली, म्हणून पोर्तुगालने आपल्या वसाहतींसाठी टपाल तिकिटांची माळ काढली. पोर्तुगीज इंडियाच्या संचात आठ तिकिटं होती, दीड रेइसपासून आठ टांग्यांपर्यंत, ही तिथली जुनी नाणी. त्यांत शिडांची गलबतं आहेत, साऊं गाब्रिएल हे गामाचं जहाजही आहे. कोरीवकाम इतकं बारीक की भिंगाशिवाय दोरखंड दिसत नाहीत. घरच्यांनी आजोबांसारख्या माणसाला मुंबईला पत्र पाठवायचं आणि त्यावर राज्यकर्त्याच्या आगमनाचा सोहळा चिकटवायचा, याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं. तिकिटं सुंदर आहेत. तीही गोष्ट खरीच.

नोटांवरही बोट आहे. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज बँक १८६८ मध्ये गोव्यात आली. तिच्या जुन्या नोटांवर एक गोल शिक्का असतो आणि त्या शिक्क्याच्या आत आगबोट. १९५९ मध्ये रुपया जाऊन एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आलं, एका रुपयाला सहा एस्कुदो या हिशेबाने. म्हणूनच त्या नोटा तीस, साठ, तीनशे, सहाशे अशा विचित्र आकड्यांच्या आहेत. बाजारात माणसं मनातल्या मनात सहाने भागत होती. आजीला तो पाढा शेवटपर्यंत पाठ होता.

(पडद्यावर: वर्तमानपत्राचं कात्रण.)

१९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. मुंबईतल्या माणसाला घर लांब झालं. पाकिटातली तिकिटं या काळात एकाएकी थांबतात. नोव्हेंबर १९६१ मध्ये 'साबरमती' ही उतारूंची बोट कारवारजवळ अंजदीव बेटाच्या बाजूने जात असताना बेटावरच्या पोर्तुगीज सैनिकांनी तिच्यावर गोळीबार केला. बोटीचं नाव पहिल्या पानावर यायला एवढं पुरेसं होतं. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पुढे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटींची नावं घरोघरी झाली, आणि पाकिटात पुन्हा तिकिटं दिसू लागतात.

(पडद्यावर: गुलाबी हँडबिल. छापलेला हात.)

आता हाताचं बोट.

हा हात नीट पाहा. मनगटावर शर्टाचा पांढरा कफ आहे, त्यावर बटण, वर कोटाची बाही. नाटक पौराणिक, वाचणारे सगळे धोतरातले आणि लुगड्यातले, आणि त्यांना वाट दाखवणारा हात साहेबाचा! कारण हा खिळा इथे घडलाच नव्हता. युरोपात बाराव्या शतकापासून वाचणारे लोक हस्तलिखितांच्या समासात असा हात काढून ठेवायचे, इकडे लक्ष द्या म्हणून. छपाई आली तेव्हा त्याचा खिळा झाला, आणि खिळ्यांच्या पेटीतून तो जगभर फिरला. आमच्या छापखान्यांत देवनागरी खिळ्यांच्या घरांशेजारी एका घरात हे हातही असायचे. कंपोझिटर ते उचलून ओळीच्या सुरुवातीला लावायचा. या हँडबिलावर तो हात ज्या ओळीकडे बोट करतो ती ओळ अशी आहे: स्त्रियांस बसण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे.

बोट काढणं चित्रकाराला फार अवघड. चेहरा जमतो, बोटं फसतात. मराठी दिवाळी अंकांची जुनी मुखपृष्ठं समोर ठेवली की मी आधी बोटं बघतो. दीनानाथ दलाल १९१६ मध्ये मडगावात जन्मले, रघुवीर मुळगावकर १९१८ मध्ये अस्नोड्याला. दोघेही गोव्याचे, दोघांचंही काम मुंबईत फुललं. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला. दलालांच्या स्त्रीची बोटं दोन-तीन रेघांत संपतात. वळण दाखवलं की त्यांचं काम झालं, उरलेलं आपण डोळ्यांनी पुरं करायचं. मुळगावकरांची बोटं भरीव, स्प्रेच्या रंगाने उजळलेली, नखांवरसुद्धा प्रकाश. त्यांचे देव कॅलेंडरांतून घराघरांत गेले. आशीर्वादाला उठलेला तो हात आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवरही होता. मला दलाल अधिक जवळचे वाटतात. आजीला मात्र मुळगावकरच हवे असत, आणि भिंत तिची होती.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्याकडे बोटं बोलतात. १९२६ चा त्यांचा जन्म दमणचा, घर लोटलीचं. तरुणपणी ते रोजनिशी चित्रांतच लिहीत. त्यांच्या गर्दीत प्रत्येक माणूस स्वतःच्या उद्योगात असतो. एक कुणाला काही दाखवतोय, दुसरी कानात सांगतेय, कुत्रा तिसरीकडेच बघतोय. त्या चित्रात बोट ठेवून एकेका माणसाजवळ थांबावं लागतं. मी लहानपणी तसंच बघायचो, आणि वडील म्हणायचे, कागद मळेल.

मग १९६७. १६ जानेवारीला जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा. फूल विलीनीकरणाचं, दोन पानं वेगळं राहण्याची. भिंती, पत्रकं, व्यंगचित्रं, सगळीकडे फूल आणि पानं. 'गोमन्तक' एका बाजूला, 'राष्ट्रमत' दुसऱ्या बाजूला, आणि आमच्या घरात दोन्ही पेपर, कारण घरात दोन्ही मतं. दोन भाऊ दोन महिने एका पंगतीला बसले नाहीत. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. त्या दिवसांची पत्रकं गोव्यातल्या प्रत्येक घरी आली होती. आज शोधायला जा, दहा घरं फिरलात तरी एक मिळत नाही. ज्याने त्याने चुलीत घातली, नाहीतर त्यात सुपारी बांधली.

हे नेहमीचंच आहे. भारतातला पहिला छापखाना बोटीतूनच गोव्यात उतरला, १५५६ मध्ये. तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण राहिला इथे, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात. त्यावर सगळ्यात आधी छापलं गेलं ते पुस्तक नव्हतं. विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठी काढलेले प्रमेयांचे सुटे कागद होते. वाचले, वाद झाला, टाकून दिले. त्यांतला एकही कागद आज जगात कुठे नाही. या देशातल्या छपाईची पहिली वस्तू एक हँडबिलच होती म्हणा ना, आणि ती आपल्या हातात नाही.

म्हणून मी हे कागद जपतो. गोव्याची हवा कागदाची वैरी आहे. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात वाळवी, आणि बारा महिने कसर. सेलोटेप कधीही लावू नका. ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते.

माझ्याही हातून एक नुकसान झालं. हे गुलाबी हँडबिल मी अकरा वर्षांपूर्वी फ्रेम करायला दिलं. फ्रेमवाल्याने काचेच्या मापात बसावं म्हणून खालची कड छाटली. त्या कडेवर बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि गाव होतं. हँडबिलावर तिथीवार असतात, साल कधीच नसतं. छापखाना कळला असता तर निदान काळाचा अंदाज बांधता आला असता. मी दुकानात उभा राहून सांगायला हवं होतं, कडेला हात लावू नका. सांगितलं नाही.

(पडद्यावर: फ्रेम उघडणारे हात.)

या चित्रीकरणासाठी मागच्या महिन्यात ती फ्रेम उघडली. कागदाच्या मागे पेन्सिलीच्या खुणा आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. बाजाराचा हिशेब असेल म्हणून मी तो वाचलाच नव्हता. उजेडात तिरपा धरला तेव्हा अक्षरं उमटली. हिशेब नव्हता. आजोबांना त्या क्षणी दुसरा कागद मिळाला नसेल, समोर हँडबिल होतं, त्याच्याच पाठीवर त्यांनी लिहून घेतलं:

"बोट गुरुवारी. सकाळी १०. आईला घेऊन येणे."

त्यांनी हे हँडबिल बोटांसाठी ठेवलंच नव्हतं. पणजीच्या जेटीवरून मुंबईला निघालेली आजोबांची आई, माझी पणजी, पहिल्यांदाच गोव्याबाहेर, आणि तिला न्यायला आलेला मुलगा. तिने समुद्र ओलांडल्याचा घरात दुसरा कुठलाच पुरावा नाही, ना फोटो, ना पत्र. पाकिटात तिकिटं मात्र दोन जोडलेली आहेत, एकाच तारखेची, एकाच पंचाने एकदम भोक पाडलेली. ती मी इतकी वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली होती.

(पडद्यावर: दोन तिकिटं एकमेकांवर. भोकातून पलीकडचा उजेड. शेजारी हँडबिल, पाठ वर करून.)