खड्ड्याच्या काठावरून

नमस्कार श्रोतेहो.

५ एप्रिल २००३. अमेरिकेत पेंटॅगॉनच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या, इमारतीत काही जण एका पडद्याकडे टक लावून बसलेत. पडद्यावर इराकमधल्या बसरा शहराची एक दाट वस्ती दिसते आहे. बॉम्ब पडतो, धूर उसळतो, त्या धुरातून एक माणूस हातपाय पसरून हवेत फेकला जातो आणि खोलीत टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मार्क गार्लास्को होता. हे त्यानेच पुढे मुलाखतींमधून सांगितलंय, म्हणून मी सांगू धजतो.

गार्लास्को पेंटॅगॉनमध्ये सात वर्षं इराकचा विश्लेषक होता. युद्ध सुरू झालं तेव्हा सद्दामच्या जवळच्या माणसांना हेरून त्यांच्यावर बॉम्ब टाकायच्या कामाचा तो प्रमुख. त्या दिवशीचं लक्ष्य होतं अली हसन अल-माजिद, कुर्दांवर विषारी वायू सोडणारा, जगाने ज्याला ‘केमिकल अली’ म्हटलं तो. असा माणूस टिपला गेला तर टाळ्या वाजवायला कुणालाही आवडेल, मलासुद्धा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गार्लास्कोने नोकरी सोडली आणि ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेत तो रुजू झाला. काही आठवड्यांतच तो बसऱ्यात पोचला आणि त्याच बॉम्बने पाडलेल्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. समोर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या घरातली दहा माणसं त्या पहाटे गेली होती. एकूण मेले सतरा, सगळे साधे नागरिक. आणि अली? तो तिथे सापडलाच नाही. ऑगस्टमध्ये तो जिवंत पकडला गेला. खटला चालला आणि २०१० च्या जानेवारीत त्याला फाशी झाली.

मग चुकलं कुठे? इथे गार्लास्कोचं आधीचं शिक्षण कामी आलं. या नेत्यांचा माग काढला जायचा तो थुरय्या नावाच्या सॅटेलाइट फोनवरून. हे नाव आपल्याकडेही ऐकलेलं असेल. २६/११ चे हल्लेखोर ज्या ‘कुबेर’ बोटीतून आले, तिच्यावर हाच फोन सापडला होता. तर या फोनवरून माणसाचा ठावठिकाणा कळायचा तो १०० मीटरच्या वर्तुळापुरता. आज संध्याकाळी घराच्या दारातून १०० मीटर चालून बघा. मध्ये किती दारं लागतात, किती घरांत कुकरच्या शिट्या वाजतात, ते मोजा. बॉम्ब अगदी नेमका पडत होता, हो. पण पत्ताच मोघम असेल तर नेम घेऊन काय उपयोग? २००३ च्या डिसेंबरमध्ये संस्थेचा अहवाल आला. असे ५० हल्ले झाले होते आणि ज्याच्यासाठी केला तो नेता एकाही हल्ल्यात मेला नव्हता.

आणखी एक आकडा त्याने सांगितला, तो मला बसऱ्याच्या खड्ड्याइतकाच अस्वस्थ करतो. एखाद्या हल्ल्यात किती नागरिक मरतील याचा अंदाज आधीच बांधला जायचा. तो ३० च्या आत असेल तर लष्कराच्या पातळीवरच होकार मिळायचा. त्याच्या वर गेला की थेट संरक्षणमंत्री किंवा राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागायची. म्हणजे २९ माणसं मरणार असतील तर फाइल वर जायचीच नाही. सरकारी कचेरीत खर्चाला मर्यादा असते ना, तशीच.

मला विचाराल तर युद्धात मदतीला धावणारी माणसं पुष्कळ असतात, आणि असावीतही. पण जखमेकडे बघून ‘हे कुठलं शस्त्र, कुणी, किती लांबून डागलं’ हे सांगणारं माणूस विरळा. नुसत्या हळहळीला सेनापती ‘फार वाईट झालं’ म्हणून मोकळे होतात. शस्त्राच्या तुकड्यावरचा क्रमांक समोर ठेवला की उत्तर द्यावं लागतं.

२००९ मध्ये गाझात हेच झालं. पांढरा फॉस्फरस, म्हणजे माणसाला भाजून काढणारं रसायन, वापरल्याचं आधी इस्रायली सैन्याने नाकारलं. गार्लास्को आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोफगोळ्यांची रिकामी कवचं गोळा केली. व्यास १५५ मिलिमीटर, अंगावर अमेरिकेत बनल्याच्या खुणा. असा एक गोळा हवेत फुटला की फॉस्फरसमध्ये भिजवलेले नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचे, ११६ तुकडे खाली पडतात आणि हवा लागली की पेटतात.

त्याच वर्षी गार्लास्को स्वतः अडचणीत आला. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पदकं जमवण्याचा त्याचा छंद उजेडात आला, बराच गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी त्याने ती संस्था सोडली. इस्रायलवर टीका करणाऱ्याला असा छंद महागात पडणारच होता. मला तो छंद आवडत नाही. पण त्यामुळे कवचावरचे आकडे बदलत नाहीत. पुढे लिबियातल्या युद्धाच्या चौकशीत संयुक्त राष्ट्रांनी त्याला बोलावलं ते या कामासाठीच.

त्या नमद्याच्या तुकड्यांचं राहिलंच. वाळूखाली दबले की ते विझल्यासारखे वाटतात. पण बरेच दिवस उलटल्यावरही कुणी पायाने वाळू उकरली की पुन्हा धूर निघतो, पुन्हा जाळ होतो. पोरांनी कशाला लाथ मारायची नाही, हे त्या गल्ल्यांमध्ये आधी कळावं लागतं. आणि ते सांगायला तो तुकडा ओळखणारं माणूस लागतं.

नमस्कार.