पेजेला उकळी येईपर्यंत

(दृश्य : मे महिना. देवगड तालुक्यातलं कौलारू घर. मांगरात पेंढा, हापूसचे बॉक्स. ओटीवर टेबल आणि त्यावर जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकलेला कॉम्प्युटर.)

सकाळचे दहा. वारा नव्हता, आभाळ नव्हतं, तरी लाइट गेली. पाच मिनिटांनी आली. पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला. काकीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ती चुलीकडे गेली.

"हो सुरू होयसर पेजेक उकळी येता," आतून आवाज आला.

मला वाटलं, बोलण्यातली अतिशयोक्ती. म्हणून मोबाइलवर वेळ लावली. बटण दाबल्यापासून ऑर्डरींची फाइल उघडेपर्यंत ६ मिनिटं २० सेकंद. पेज त्याआधीच उकळली होती.

शहरात कॉम्प्युटर दिवसातून एकदा सुरू करतात. इथे लाइट जाईल तितक्या वेळा. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी गेल्या पावसाळ्यात गेली. ऐन हंगामात दिवसातून तीन-चारदा सहा मिनिटं म्हणजे काय, ते दारात टेम्पो उभा असताना कळतं.

(दृश्य : काकी पेटीवर लेबल चिकटवते आहे. डझन, वजन, गिऱ्हाइकाचं नाव.)

ही गोष्ट कॉम्प्युटर हळू का चालतो याची आहे. त्याआधी एक कबुली द्यायला हवी. या कॉम्प्युटरवर याआधी एकदा उपचार झाले होते, आणि ते मीच केले होते.

चाकरमानी गणपतीला गावी आला की घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू त्याच्यापुढे आणून ठेवायची रीत आहे. मिक्सर, टॉर्च, काकांचा रेडिओ. गेल्या गणपतीत माझ्यापुढे कॉम्प्युटर आला. मी इंटरनेटवरून एक यादी काढली. विंडोजच्या पोटात न दिसता चालणारी जी कामं असतात, ज्यांना सर्व्हिसेस म्हणतात, त्यांतल्या चाळीस "बिनकामाच्या" सर्व्हिसेसची. आरतीला वेळ होता. एकेका नावावर जाऊन मी बंद, बंद, बंद करत सुटलो. कॉम्प्युटर जरा हलका झाल्यासारखं वाटलं. मोदक खाल्ले, विसर्जन झालं, मी मुंबईला परतलो.

एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या भरल्या आणि लेबलं छापायची वेळ आली. प्रिंटर गप्प. काकीने कार्ट्रिज बदललं. कणकवलीहून माणूस आला, केबल बदलून, पैसे घेऊन गेला. प्रिंटर गप्पच. चार दिवस काकीने लेबलं स्केचपेनने हाताने लिहिली. चौथ्या रात्री, लोकलमध्ये उभा असताना, माझ्या डोक्यात ती यादी लख्ख उभी राहिली. तेविसावं की चोविसावं नाव : प्रिंट स्पूलर.

"तुझ्या त्या यादीन माजो प्रिंटर खाल्ल्यान," काकी फोनवर म्हणाली. त्यावर काय बोलणार?

(दृश्य : स्क्रीन जवळून. सर्व्हिसेसची लांबलचक यादी खाली सरकते आहे.)

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायचं. छोटी चौकट येते. तिच्यात सर्व्हिसेस डॉट एमएससी लिहून एंटर. समोर उघडतं ते हे. २००च्या वर नावं. यातलं एकही पडद्यावर खिडकी उघडून तुमच्याशी बोलत नाही. कुणी आवाज सांभाळतो, कुणी वायफाय, कुणी घड्याळाची वेळ जुळवतो. तुम्ही नाव-पासवर्ड टाकण्याआधीच यांतले बरेच कामाला लागलेले असतात.

युनिक्स नावाची विंडोजसारखीच दुसरी प्रणाली आहे. त्या जगात अशा अदृश्य कामकऱ्यांना "डीमन" म्हणतात. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत, प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी हे नाव रूढ केलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने एका प्रश्नासाठी एक काल्पनिक जीव उभा केला होता. तो दाराशी बसून रेणू निवडत राहतो, थकत नाही, दिसत नाही. नाव त्याच्यावरून आलं. हे मी काकीला सांगितलं. तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. गावाच्या वेशीवर राखणदार असतो, रात्री फिरतो, दिसत नाही, आपल्याला त्याची आठवण फक्त काही बिघडलं की होते.

"मगे? देवचाराक नारळ देतत. बंद करणत नाय."

गणपतीत मला हे कुणी सांगितलं असतं तर प्रिंटर वाचला असता.

आता प्रिंट स्पूलर त्या यादीत गेलाच कसा? त्याचं काम साधं आहे. छापायचा मजकूर आला की तो रांगेत लावायचा आणि एकेक करून प्रिंटरकडे सोडायचा. त्याला बंद करण्याचा सल्ला फुकाचा नव्हता. २०२१च्या जुलैमध्ये याच सर्व्हिसमध्ये एक गंभीर भोक सापडलं. प्रिंटनाइटमेअर नावाने ते गाजलं. दुरुस्ती हाती येईपर्यंत, जिथे छपाई लागत नाही तिथे स्पूलर बंद ठेवा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलं. काही दिवसांत दुरुस्तीचं अपडेट आलं. सल्ला मात्र यादीतून यादीत उतरत राहिला, कारण सोडून. त्या वर्षीच्या मेमध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं होतं. खांब आडवे झाले होते, झाडं मोडली होती. स्पूलरमधलं भोक इथे कुणाच्या गावीही नव्हतं.

(दृश्य : घराची मागची बाजू. ओळीने दारं. चार दारांना कुलपं.)

हे घर सात खोल्यांचं. तीन वापरात, चार कुलूपबंद. त्या मुंबईतल्या चुलत्यांच्या. गणपती आणि शिमग्याला उघडतात. वीज वाचवायची म्हणून कुणी या खोल्यांच्या कुलपावर आणखी एक कुलूप घातलं तर बिल किती कमी येईल?

मी गणपतीत नेमकं तेच केलं होतं.

सर्व्हिसेसच्या यादीत नावाशेजारी दोन रकाने असतात. एक, आत्ता चालू आहे का. दुसरा, सुरू व्हायची पद्धत काय. "ऑटोमॅटिक" म्हणजे कॉम्प्युटर उठला की उठायचं. "डिलेड स्टार्ट" म्हणजे इतरांची धांदल संपल्यावर, जरा मागाहून. "मॅन्युअल" म्हणजे हाक आली तर उठायचं, नाहीतर पडून राहायचं. "डिसेबल्ड" म्हणजे हाक आली तरी उठायचं नाही.

माझ्या यादीतली निम्मीअधिक नावं मुळात मॅन्युअल होती. फॅक्स घ्या. या घरातल्या पोरांनी फॅक्सचं यंत्र पाहिलेलंही नाही. पण ती सर्व्हिस हाक येईपर्यंत झोपूनच असते. एक्सबॉक्सच्या सर्व्हिसेसचंही तेच. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून विंडोजच्या सेटिंग्ज बदलू देणारी रिमोट रजिस्ट्री तर घरगुती विंडोजवर आधीपासूनच डिसेबल्ड असते, तरी प्रत्येक यादीत तिला पुन्हा बंद करायला सांगतात. रिकाम्या खोलीला कुलूप घालून वर पाठ थोपटून घ्यायची, असला हा प्रकार.

तेव्हा यंदा यादी बाजूला ठेवली. जागं कोण आहे ते बघायचं ठरवलं.

(दृश्य : टास्क मॅनेजर. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के.)

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम. कोण किती काम करतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. लाइट येऊन कॉम्प्युटर नुकताच उठलेला. प्रोसेसर आरामात, पण डिस्कचा रकाना लालभडक, १०० टक्के. दुखणं इथे होतं. आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे आणि रॅम, म्हणजे चालू कामं हाताशी ठेवायची जागा, ४ जीबी. तबकडीवर वाचणारी सुई एका वेळी एकाच जागी जाऊ शकते. उठल्याउठल्या वीस जण एकाच वेळी तिला हाका मारत असतील तर सगळेच उपाशी राहतात.

खाली "सर्व्हिस होस्ट" नावाच्या ओळीच ओळी. पुष्कळांना हे बघून व्हायरस शिरला असं वाटतं. तसं नाही. होस्ट म्हणजे ज्याच्या पोटात सर्व्हिसेस चालतात तो प्रोग्रॅम. पूर्वी विंडोज अनेक सर्व्हिसेस एकाच होस्टमध्ये कोंबत असे. २०१७च्या अपडेटपासून, रॅम साडेतीन जीबीहून जास्त असेल तर बहुतेकांना स्वतंत्र होस्ट मिळतो. एक कोसळला तर शेजारचे वाचतात. ओळी जास्त दिसतात त्या त्यामुळे.

मग शोध सुरू झाला, आणि चोर निघाले ते विंडोजचे नव्हतेच.

विंडोजचं बटण, आर, एमएसकॉन्फिग. त्यात सर्व्हिसेसच्या पानावर खाली एक खूण करायची चौकट असते : मायक्रोसॉफ्टच्या सर्व सर्व्हिसेस लपवा. खूण केली की २००ची यादी मूठभर होते. उरतात ती बाहेरून आलेली मंडळी. इथे कोण निघालं? दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या जुन्या प्रिंटरचा मदतनीस. कुणीतरी कधीतरी जोडलेल्या मोबाइलचं सॉफ्टवेअर. तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमांचे, अपडेट आलं का हे बघत बसणारे पहारेकरी. आणि चाचणीची मुदत संपलेला एक अँटिव्हायरस, जो राखण करत नव्हता पण जागाही सोडत नव्हता. त्याच्या जोडीला विंडोजचा स्वतःचा पहारा होताच.

अशांना सर्व्हिसेसमध्ये जाऊन बंद करायचं नाही. ज्याचं काम संपलं त्याला सरळ अनइन्स्टॉल करायचं. प्रिंटरचा मदतनीस गेला, मोबाइलवाला गेला, अँटिव्हायरस गेला. मग टास्क मॅनेजरचं स्टार्टअपचं पान. तिथेही पाच-सहा जण दारात उभे होतेच. व्हिडिओ कॉलचा एक प्रोग्रॅम तर लॉकडाऊनपासून रोज सकाळी हजेरी लावत होता. त्यांची हजेरी बंद केली.

पुन्हा वेळ लावली. ३ मिनिटं ५० सेकंद. अजून विंडोजच्या एकाही सर्व्हिसला हात लावलेला नव्हता.

(दृश्य : वही. आंब्याच्या हिशेबाचीच. मागच्या पानावर काकी रेघा मारते आहे.)

आता हात लावायचा होता. पण काकीची अट होती. "आधी लिवन ठेव, मगे बंद कर." वहीत तीन रकाने : नाव, आधी काय होतं, कोणत्या तारखेला बदललं. मी कॉम्प्युटरच्या शिक्षणात काही वर्षं घालवली आहेत. एवढी साधी शहाणी पद्धत तिथे मला कुणी सक्तीने लावली नव्हती.

पहिलं नाव सिसमेन. विंडोज व्हिस्टात ती सुपरफेच नावाने आली. तुम्ही नेहमी काय उघडता हे ती लक्षात ठेवते आणि आधीच रॅममध्ये आणून ठेवते. हेतू चांगला. पण रॅमच ४ जीबी, तर आणून ठेवणार कुठे? आणि आणायला धावणार त्याच दमलेल्या तबकडीकडे. आधी नुसती थांबवून पाहिली. डिस्कचा रकाना १००वरून खाली आला. मग डिसेबल केली. सगळीकडे असं होईल असं मुळीच नाही, काही ठिकाणी ती खरोखर मदत करते. बघून ठरवायचं.

दुसरी, उतरवून ठेवलेले नकाशे सांभाळणारी. या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नकाशा बघून कोण कुठे जाणार? डिसेबल. तिसरी, वापराची माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवणारी. तिने वेग फार वाढणार नव्हता, पण काकीला ती आवडली नाही. "माजी म्हायती माजीकडे ऱ्हांव दे." डिसेबल.

चौथ्या नावावर वाद झाला. विंडोज सर्च. फाइलींची सूची करत बसते, डिस्क खाते, हे खरं. पण काकी गिऱ्हाइकाचं नाव टाकून जुन्या वर्षांची बिलं शोधते. बंद केली तर शोध रांगत होईल. मधला मार्ग काढला. सूची करायची ती फक्त बिलांच्या फोल्डरची, बाकीचं सोडून दे, असं तिला सांगून ठेवलं.

प्रिंट स्पूलर अर्थातच ऑटोमॅटिक. त्याच्या ओळीखाली काकीने दोनदा रेघ मारली. प्रत्येक सर्व्हिसच्या माहितीत डिपेन्डन्सीजचं पान असतं, कोण कुणाच्या खांद्यावर उभं आहे ते सांगणारं. तिथे दिसलं की फॅक्ससुद्धा स्पूलरच्याच आधाराने उभा असतो. गणपतीत हे पान मी उघडलंच नव्हतं.

अपडेटच्या सर्व्हिसला हात लावला नाही. ती डिस्क खाते, इंटरनेट खाते, आणि याद्या तिला बंद करायला सांगतात. पण प्रिंटनाइटमेअरसारखं भोक बुजवायला येतो तो माणूस याच दाराने येतो. नेटवर्कवरचा पत्ता मिळवून देणारी डीएचसीपी क्लायंट बंद केली तर इंटरनेटच जाईल. रिमोट प्रोसिजर कॉल नावाची एक आहे, तिची सुरू व्हायची पद्धत विंडोज बदलूच देत नाही. चौकट करडी करून ठेवली आहे. बाकी सारं तिच्या खांद्यावर आहे.

(दृश्य : दुपार. सड्यामागे आभाळ भरून आलेलं. माडांच्या झावळ्या एका बाजूला वळलेल्या.)

पुन्हा सुरू करून वेळ लावली. ३ मिनिटं १५ सेकंद. म्हणजे विंडोजच्या सर्व्हिसेसनी दिले ते ३५ सेकंद. बाकी अडीच मिनिटं फुकट्या पाहुण्यांनी खाल्ली होती. आणि हेही सांगून टाकतो : तबकडी काढून साधी एसएसडी बसवली तर ही सगळी मेहनत मागे पडेल. एसएसडीत सुई नाही, तबकडी नाही, धावाधाव नाही. मी तसं काकीला म्हटलंही.

ती काही बोलली नाही. लेबलं छापत होती. अकरावं लेबल अर्धं बाहेर आलं आणि वळवाचा पहिला फटका कौलांवर बसला. लाइट गेली.

अंधाऱ्या ओटीवर काकीने वही उघडली. मोबाइलचा उजेड पाडला आणि सिसमेनच्या ओळीखाली, त्याच तीन रकान्यांत न बसणारी एक ओळ लिहिली. वाशीच्या बाजारातून आंब्यांच्या विक्रीचा हिशेब, म्हणजे पट्टी, यायची होती :

"यूपीएसची बॅटरी आणि ती एसएसडी. वाशीची पट्टी इली काय."