सर, जरा बोलून पाठवा

(पडदा काळा. फक्त आवाज, मोबाईलवर रेकॉर्ड केलेला, मागे कोंबडा ओरडतोय.)

"सर्व पालकांना नमस्कार. उद्या शनिवार, शाळा सकाळची आहे, लेकरांना साडेसातला पाठवून द्या. आणि नखं काढून पाठवा ओ, मागच्या आठवड्यात पण सांगितलं होतं."

(शाळेचा फाटक, त्याच्यावर फुललेली बोगनवेल.)

हा मेसेज निघाला बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातून, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक सर आणि एक मॅडम, पस्तीसेक लेकरं. आणि तो सगळ्यात आधी ऐकला गेला तीनशे किलोमीटरच्या वर, कोल्हापूरकडं, उसाच्या फडात. तिथल्या आईनं तो ऐकला, कोयता बाजूला ठेवला, आणि वस्तीवर सासूला फोन लावला, "अहो आत्या, त्याची नखं काढा बरं, सर ओरडायलेत." आता ही सासू राहते शाळेच्या फाटकापासून दोन मिनिटांवर. पण तिचा फोन बटणाचा, त्यात ग्रुप नाही, म्हणून नखांची सूचना कोल्हापूरला जाऊन परत वस्तीवर येते. दर आठवड्याला, दिवाळी ते पाडवा, हा असाच प्रवास.

आम्ही खरं तर आलो होतो ऊसतोडीवर काहीतरी शूट करायला, ते तसं बऱ्याच जणांनी करून झालंय, रडके चेहरे, बैलगाड्या, सूर्यास्त. सरांच्या फोनमधला ग्रुप बघितला आणि म्हटलं हेच करू.

(ग्रुपवरचे जुने मेसेज, बोटानं वर सरकवताना.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बालाघाटच्या डोंगरातली ही कोरडवाहू गावं, पावसाळ्यातलं पीक निघालं की पुढं हाताला काम नाही. मग मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडनं उचल घ्यायची, म्हणजे आगाऊ पैसे, आणि साखर कारखान्यांचा पट्टा चालू झाला की नवरा-बायकोच्या जोडीनं ऊस तोडून ती फेडायची. या जोडीला हिशोबात 'एक कोयता' म्हणतात, माणसं दोन आणि मोजतात कोयता. 2025 चा गाळप हंगाम 1 नोव्हेंबरपासून, म्हणजे दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच टोळ्या निघाल्या. लेकरं काही आईबापाबरोबर गेली, काही आजी-आजोबांकडं राहिली. शाळेचा पालक वर्ग मात्र जवळजवळ सगळाच फडात.

आता अशा शाळेनं पालकांना सूचना द्यायच्या कशा?

पहिल्यांदा सर पण सगळे करतात तेच करायचे. वरून आलेलं पत्र पीडीएफमध्ये, ते तसंच फॉरवर्ड. 'उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांना कळविण्यात येते की' वगैरे. खाली दोन अंगठे, एक नमस्काराचे हात, बास. मग एका आईनं दुपारी फोन केला आणि सरळ बोलली, "सर, जरा बोलून पाठवा ना, इथं वाचायला कोन बसलंय." तेव्हापासून सर बोलून पाठवतात. मिनिटाच्या वर मेसेज न्यायचा नाही हा त्यांचाच नियम, फडात रेंज येते-जाते म्हणून. आणि पहिल्या वाक्यातच काम सांगायचं, नमस्कार धरून.

(सर खुर्चीवर, समोर जाडजूड रजिस्टर.)

ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द शोधून बघितला आम्ही, अभ्यास नव्हे, गृहपाठ पण नव्हे. आधार. आधार घेऊन या, आधार दुरुस्त करा, आधार लिंक नाही दिसत. आम्हाला पण वाटलं की सरकारी कटकट. मग सरांनी ते रजिस्टर उघडलं आणि गोष्ट कळली. शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरतं पटावरनं, त्याला संचमान्यता म्हणतात, आणि पट धरतात 30 सप्टेंबरचा. त्यात पुन्हा ज्या लेकराचं आधार वैध ठरलंय तेवढंच धरायचं. म्हणजे पोरगं रोज येतंय, पहिल्या बाकावर बसतंय, पाढे म्हणतंय, पण आधारवर त्याचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळत नसेल तर संगणकाच्या दृष्टीनं ते नाहीच. प्राथमिकला साठपर्यंत पट असला तर दोन शिक्षक, असं शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, पण छोट्या वस्तीवर पट विसाकडं घसरायला लागला की दुसऱ्या शिक्षकाचं काय, ही चर्चा चावडीवर आपोआप सुरू होते. दोनाचा एक शिक्षक झाला की चार इयत्ता एका खोलीत.

आणि नावं जुळत नाहीत म्हणजे काय तर अगदी साध्या चुका. बापाला घरात ज्ञानोबा म्हणतात, आधारवर ज्ञानदेव. पोरीचं नाव शाळेत प्रतीक्षा, आधारवर प्रतिक्षा. जन्मतारीख तर विचारूच नका, अर्ध्या लेकरांचा जन्म 1 जूनचा का असतो हे महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. आता त्यात अपार आयडीची भर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा आकडी नंबर, त्याला पालकाचं संमतिपत्र लागतं आणि परत नाव जुळायला लागतं. पाच वर्षं झाली की लेकराचे बोटांचे ठसे आणि डोळे आधारला द्यायचे असतात ते वेगळंच, लहानपणी काढलेल्या आधारला ते नसतात ना. त्यासाठी तालुक्याला जायचं, म्हणजे एक दिवस मोडला, एक मजुरी गेली, आणि तिथं गेल्यावर मशीन बंद. म्हणून सर जूनपासनंच मागं लागतात. दिवाळीनंतर आधारवाल्या सेंटरला कोण जाणार, म्हातारी?

खरं सांगायचं तर पटाची तारीख 30 सप्टेंबर आहे हे या शाळेचं नशीब. नोव्हेंबरात मोजलं असतं तर काय निघालं असतं.

(घरासमोर भरलेला ट्रॅक्टर. वर गाद्या, पत्र्याची पेटी, कोंबड्यांचं खुराडं, त्यात बसलेलं पोरगं.)

टोळी निघायच्या आठवड्यात ग्रुपवर एकच मेसेज परत परत. "जी लेकरं बरोबर नेणार आहात त्यांचं हमी कार्ड शाळेतनं घेऊन जा. कार्ड न घेता जाऊ नका. दाखला काढू नका." शिक्षण हमी कार्ड म्हणजे एक साधा कागद, पोरगं कोणत्या वर्गात आहे, काय येतंय, काय नाही येत, एवढं त्यावर. कारखान्याच्या जवळच्या कुठल्याही शाळेत तो दाखवायचा आणि वर्गात बसायचं, नाव इथलं इथंच राहतं. कागदावर एकदम मस्त योजना. प्रत्यक्षात टोळीचा अड्डा, म्हणजे मुक्काम, आज या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या, आणि शाळा डांबरी रस्त्याच्या पलीकडं, आणि पाळण्यातल्या भावाला सांभाळायला कोण, तर तिसरीतली बहीण. किती कार्डं तिथल्या शाळेत पोचतात हे सरांनी सांगितलं नाही, नुसतं हसले.

म्हणून सरांचा खरा जोर लेकरं ठेवून जा यावर असतो. त्यासाठी हंगामी वसतिगृह, शाळा व्यवस्थापन समिती चालवते, सहा महिने सकाळ-संध्याकाळचं जेवण, दुपारचं शाळेतलं. वसतिगृह नावाला, बऱ्याच गावांत लेकरं झोपायला आजीकडंच. 2021 पासून संत भगवानबाबांच्या नावानं सरकारनं ऊसतोडवाल्यांच्या मुलांसाठी वसतिगृहं मंजूर केली, ती मोठ्या वर्गांसाठी, दुसरीतल्या लेकराला त्याचा काय उपयोग.

समितीवरनं आठवलं. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या बाया. तशी आहेच समिती. पण नोव्हेंबरात अध्यक्ष कर्नाटकात आणि दोन सदस्य सांगलीकडं. आम्ही बघितलेली मीटिंग झाली फोन स्पीकरवर टाकून, विषय होता पाण्याच्या टाकीचा नळ, आणि मधेच अध्यक्ष म्हणाले, "सर, थांबा, गाडी भरायला आलीय, नळ बसवा तुमी, मी हाय ना," आणि फोन कट. ठराव मंजूर.

(स्वयंपाकाची खोली. मोठ्या पातेल्यात मसालेभात, वाफेनं कॅमेऱ्याची काच धुरकट.)

हा भाग आम्हाला सगळ्यात आवडला म्हणून जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

शाळेत शिजलेलं आधी मोठ्या माणसानं चाखायचं, मग लेकरांना वाढायचं. त्याचं एक रजिस्टर असतं, चव रजिस्टर. त्यात पालकांची पाळी लावलेली असते, आणि आदल्या संध्याकाळी ग्रुपवर सूचना, उद्या चव बघायला अमक्याच्या घरनं कुणीतरी या. घरी आई नाही, म्हणजे येणार आजी. आणि आज्ज्या यायला लागल्यापासून रजिस्टर वाचनीय झालंय. आधी आया लिहायच्या 'चव चांगली', खाली सही. आता आजी सांगणार, मॅडम लिहिणार, खाली अंगठा. 'मीठ कमी.' 'मटकी कच्ची, पोट दुखल.' 'आज चांगलं होतं पण तेल जरा हात आखडून टाका.' एका पानावर, 'लेकरं जास्त अन् वाटाणा मोजून, हे काय बरं नाही.' पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ असं प्रमाण आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिन्याला 2500 रुपये मानधन, ते पण वेळेवर येईलच असं नाही. त्यांना ही शेरेबाजी कशी वाटते म्हणून विचारलं तर पातेल्यातनं डोकं न काढता म्हणाल्या, "माझी सासूच हाय ती वाटाणेवाली."

अंड्याची पण एक गोष्ट आहे. नोव्हेंबर 2023 पासून आठवड्यातनं एकदा अंडं द्यायचं ठरलं, खात नसेल त्याला केळ. तेव्हा ग्रुपवर मोठी चर्चा, कुणाच्या गळ्यात माळ, कुणाचा वार, सरांनी कुणाला अंडं कुणाला केळ याची यादीच केली. ती यादी रोज बदलायची, कारण केळवाल्यातली दोन पोरं मित्राचं बघून अंड्याच्या रांगेत, आणि घरी सांगायचं नाही ही अट. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं अंड्याचे पैसे बंद केले, द्यायचं तर लोकवर्गणीतनं द्या. इथं वर्गणी कुणाकडं मागणार? तरी एका महिन्यात एका टोळीनं फडातनं पैसे पाठवले, दोन बुधवारची अंडी झाली. तिसऱ्या बुधवारी केळं पण नव्हती.

(भिंतीवरचं सावित्रीबाईंचं चित्र. लुगडं नेसलेल्या चार पोरी, कुणाचं सारखं सुटतंय.)

3 जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. मॅडमनी दोन दिवस आधी मेसेज टाकला होता, मुलींना लुगडं नेसवून पाठवा, नवीन नको, घरातलंच. आज्ज्यांनी आपली नऊवारी काढली, मधून दुमडली, बांधली. फोटो ग्रुपवर गेले आणि त्या दिवशी फडातनं एवढे व्हॉइस मेसेज आले की सर म्हणाले फोन गरम झाला. एका मेसेजमध्ये बोलणं काहीच नाही, नुसता पाचटाचा आवाज आणि मग हसणं.

त्याच दिवशी एका बापानं ग्रुपवर विचारलं, सर ते पोरींचे पैसे आले का. ते म्हणजे उपस्थिती भत्ता. 1992 मध्ये सुरू झालेली योजना, पहिली ते चौथीच्या, दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना, हजेरीच्या दिवसाला 1 रुपया. प्राथमिक शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरायला पाहिजे, म्हणजे एकही दिवस न बुडवणाऱ्या पोरीचे झाले साधारण 200 रुपये. 1992 ला एका रुपयात काय काय यायचं ते तुमच्या आईला विचारा. ते पैसे घ्यायला बँकेत खातं, आणि खात्याला, बरोबर ओळखलंत, आधार.

(पाण्याचा ग्लास, हातात पांढरी गोळी.)

फेब्रुवारीत जंताची गोळी. 10 तारखेचा तो राष्ट्रीय कार्यक्रम, अंगणवाडी आणि शाळा सगळीकडं. सूचना सोपी, जेवून या, गोळी चावून खायची, गिळायची नाही. पण मागं एका वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी गावात लेकराला मळमळलं होतं ही बातमी टोळीत पोचली आणि सकाळपासनं फोन, आमच्याला देऊ नका. सरांनी मग काय केलं, लेकरांना गोळी चावताना त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलं. "आई, लिमलेटवानी लागती." तो मेसेज अठ्ठेचाळीस सेकंदांचा आहे. आम्ही तीनदा ऐकला, तिसऱ्यांदा मागे एक पोरगं हळूच म्हणतंय ते कळलं, "अजून एक द्या ना."

(शनिवार सकाळ. साडेसात. परिपाठ. रांगेतले हात पुढे.)

आणि हा तो सुरुवातीचा शनिवार. मॅडम रांगेतनं नखं बघत चालल्यात. कोल्हापूरला जाऊन परत आलेली सूचना ज्याच्यासाठी होती तो दुसरीतला पोरगा तिसऱ्या नंबरला. उजवा हात पुढे केला, एकदम स्वच्छ. डावा मागे. मॅडम म्हणाल्या, दाखव. दाखवला. पाचही नखं तशीच.

"हे काय रे?"

"आज्जी काढत होती, मग लाईट गेली."

सर मागे पायरीवर बसले होते. त्यांनी खिशातनं फोन काढला, माईकचं बटण दाबलं.

"सर्व पालकांना नमस्कार. दोन्ही हाताची काढा."