विमानतळ बंद कोण करणार?

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

फळ्यावरचा विषय वाचून एका गृहस्थांनी मला जिन्यातच अडवलं. म्हणाले, "आधी आमचा एक होऊ द्या, मग बंद करायचं बघा." त्यांचा राग रास्त आहे. चाकणचा विमानतळ आपण इतकी वर्षं ऐकला की आपण तिथे एकदा उतरलोय असं वाटायला लागलं. आता पुरंदर. पुण्याच्या सध्याच्या लोहगाव विमानतळाचं नवं टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं, पण धावपट्टी हवाई दलाची, तेव्हा तिथे आपण कायमचे पाहुणे. तर मी लोहगावबद्दल बोलत नाहीये, निवांत बसा. आणि तो पंखा जरा कमी करा. उडायला पाहिजे ते उडत नाही आणि माझे कागद उडतायत.

मी बोलणार आहे जिल्ह्याच्या गावाबाहेरच्या विमानतळाबद्दल. हमरस्त्यावरून जाताना तारेचं कुंपण दिसतं. आत वाळलेलं गवत, काठीला लोंबणारा, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक, आणि पहाटे कुंपणाच्या फटीतून शिरून पळणारी पोलीस भरतीची पोरं. यवतमाळ, धाराशिव, लातूर, नांदेड आणि बारामती हे पाच विमानतळ सरकारने २००९ मध्ये एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पंचाण्णव! नातवाच्या नातवाचीसुद्धा सोय बघितली. आज यवतमाळहून मुंबईचं विमानाचं तिकीट काढून दाखवा, चहा माझ्याकडून.

मग २०१६ मध्ये 'उडान' योजना आली. तासाभराच्या प्रवासाला काही जागांवर अडीच हजारांच्या आसपास भाडं, आणि कंपनीची तूट तीन वर्षं भरून द्यायची. पैसा कुठून? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून. म्हणजे तुम्ही पुण्याहून दिल्लीला गेलात की जळगावच्या प्रवाशाच्या तिकिटात तुमचाही खारीचा वाटा. माझी त्याला ना नाही. पण २०२३ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल आला. योजनेतल्या वाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालंच नाही. उडालं त्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि सवलत संपल्यावर टिकले चोपन्न. सिंधुदुर्गातल्या चिपीचंच बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं. व्यासपीठावरची टोलेबाजी तुम्हाला आठवत असेल, विमानापेक्षा तीच जास्त गाजली. तीन वर्षं सरली आणि मुंबईचं विमान थांबलं. मधल्या काळात शेजारी गोव्यात मोपा उघडला होता.

आता माझा अनुभव. विमानतळाचं नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही. घरून तशी ताकीद आहे. मेहुण्यांच्या एकसष्टीला गेलो होतो. परतीचं विमान दुपारी, मुंबईला. टर्मिनल चकाचक. सामानाच्या पट्ट्यावर चादर अंथरलेली, चादरीवर सुरक्षा कर्मचाऱ्याचा जेवणाचा डबा. काउंटरमागे आठवड्याचं वेळापत्रक, त्यातल्या चार वारांवर चिकटपट्टी. प्रवासी म्हणजे आम्ही दोघं, एक डॉक्टर दांपत्य आणि बियाण्याच्या कंपनीचा एक माणूस. बसलो. मोबाइल वाजला: परिचालनाच्या कारणास्तव विमान रद्द. तोच मेसेज काउंटरवरच्या मुलीलाही तेव्हाच आला. तिने मोबाइल बघितला, मग आमच्याकडे बघितलं. मी विचारलं, "परिचालनाचं कारण म्हणजे नेमकं काय?" ती म्हणाली, "सर, विमान नाहीये." पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, इतकं सरळ उत्तर मी ना कधी दिलं, ना मला कोणी दिलं.

बाहेर रिक्षा नाही. विमानच येत नाही तिथे रिक्षावाला कशाला थांबेल? बियाणेवाला मात्र शांत. त्याने ट्रॅव्हल्सचं स्लीपरही आधीच काढून ठेवलं होतं. "मी नेहमी दोन्ही काढतो काका," म्हणाला, "जे येईल त्याने जातो." त्याच्या ओळखीने आम्हालाही जागा मिळाली. सौ. पुढे, मी बरोबर मागच्या चाकावर. पैसे सात दिवसांत परत मिळतील म्हणाले होते. कोणते सात, ते सांगितलं नव्हतं. पण माझा मुद्दा पैशांचा नाही. सौ. तिसऱ्या रांगेत बसल्यात, त्यांचा आहे.

माझा मुद्दा असा, की त्या दुपारी तिथे अग्निशमनाचा बंब उभा होता, बंबावर माणसं होती, सुरक्षेला पोलीस होते. विमान येवो न येवो, परवाना टिकवायचा तर हे सगळं हजर लागतं. गेटवरच्या काकांना मी विचारलं, मग हे बंद का करत नाहीत? "साहेब, मंत्री येतात ना." पाहुण्यांसाठी शोकेसमध्ये ठेवलेला काचेचा टी-सेट असतो, तसला हा प्रकार. घरच्यांनी त्यातून प्यायचं नाही आणि तो टाकायचाही नाही.

टाकायची हिंमत केली शिकागोच्या महापौरांनी. तिथे तळ्याकाठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. तुमची मुलं लहानपणी संगणकावर विमान उडवायची ना, तो खेळ बरीच वर्षं याच धावपट्टीवरून सुरू व्हायचा. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री महापौरांनी बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खोदल्या. सोळा विमानं आतच अडकली. ती पुढे टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवरून, उडवावी लागली. दंड झाला ३३ हजार डॉलर. आपल्याकडे एवढ्यात एक फ्लेक्सही काढता येत नाही. उलट मिझुरीतलं सेंट क्लेअर, पाच हजारांच्या आतली वस्ती. त्यांना आपला विमानतळ बंद करायचा होता. पण एकदा केंद्राचं अनुदान घेतलं की तिकडे मनाला येईल तेव्हा बंद करण्याची मुभा राहत नाही. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्या एका गावासाठी कायदा केला, तेव्हा कुठे २०१७ मध्ये तो बंद झाला. एका टोकाला बुलडोझर, दुसऱ्या टोकाला संसद, आणि आपण...

चिठ्ठी आली. "पाच मिनिटे." मूळ विषय आत्ता सुरू होतोय, पण असू दे.

तर थोडक्यात. बंद करण्याच्या अटी उद्घाटनाच्याच दिवशी जाहीर करा. सवलत संपल्यावर अमुक काळ नियमित विमान नसेल तर फेरविचार, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी उघड सुनावणी घेऊन. आज फीत कापायला दहा हात पुढे येतात, बंदच्या कागदावर सही कोण करणार हे कुणालाच माहीत नाही.

रिकामा दिसला की बंद करा, असं मात्र मी म्हणत नाहीये. गोंदियाची बिरसी दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. वैमानिक प्रशिक्षणामुळे कामाला आली. कोल्हापूरला बरीच वर्षं विमान नव्हतं, २०१८ मध्ये सुरू झालं आणि चाललं. तेव्हा प्रवासी मोजा, तशी प्रशिक्षणाची उड्डाणं मोजा, रुग्ण हलवायला किती वेळा उपयोग झाला ते मोजा, आणि रस्ता मोजा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पुरा झाला. त्याच्या आसपासच्या गावांची जुनी गणितं आता चालणार नाहीत.

चालू ठेवण्याची किंमत कुंपणाबाहेरही असते. सोलापूरला साखर कारखान्याची चिमणी आड येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली. विमान सुरू झालं ९ जून २०२५ ला. विमान चालो बिचारं. पण उद्या थांबलं तर चिमणी कोण बांधून देणार?

शेवटचं, जमीन. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १०१ सांगतं, पाच वर्षं वापरली नाही तर जमीन मूळ मालकाला किंवा भूमी बँकेत. पण ते त्याच कायद्याखाली घेतलेल्या जमिनीला. जुन्या धावपट्ट्या त्याआधीच्या, शिवाय एकदा विमान उतरलं की जमीन 'वापरलेली'. म्हणून वेगळी तरतूद लागेल: गायरान असेल तर ग्रामपंचायतीकडे, खातेदारांची असेल तर आधी वारसांना विचारणा, आणि मगच एमआयडीसी. सौर प्रकल्पाचं राहिलं, ते कुणी प्रश्न विचारला तर सांगतो.