ॲमस्टरडॅम: काठाकाठानं दोन दिवस

[दृश्य: घराचा माथा, पुढे आलेली तुळई, दोराला लटकलेला सोफा]

चार मजल्यांचं घर, दार जेमतेम माणसापुरतं, आतला जिना शिडीसारखा उभा. सोफा वर न्यायचा तर खिडकीतूनच. म्हणून माथ्यातून ही तुळई पुढे काढलेली, तिला लोखंडी आकडा, आकड्याला कप्पी. वरच्या मजल्यावर खिडकीची चौकट आधीच काढून ठेवलेली असते. खाली दोघे दोर ओढतात, तिसरा दुसऱ्या दोरानं सोफा भिंतीपासून लांब धरतो. हल्ली बरेच जण यंत्राची शिडी भाड्यानं आणतात, पण आकडे अजून घराघरांवर आहेत आणि कामातही आहेत.

आता भिंत बघा. रस्त्याकडे झुकलेली आहे. ती तशीच बांधली, कारण वर चढणारा माल खालच्या खिडक्यांवर आपटू नये. शेजारचं घर मात्र डावीकडे कललंय, आणि ते कुणी ठरवून केलेलं नाही. त्याचे पाय खचलेत. पुढे झुकलेलं घर कुठलं आणि बाजूला कललेलं कुठलं, एवढं ओळखू लागलात की या शहरातला अर्धा वेळ मान वर करून जातो. त्याला तिकीट लागत नाही.

[दृश्य: स्किपॉल विमानतळ, फलाट, पिवळी-निळी रेल्वे]

स्किपॉल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. तिथून ॲमस्टरडॅम सेंट्रालपर्यंत रेल्वेनं पाव तास, भाडं सुमारे पाच युरो. कागदी तिकिटाची गरज नाही. बँकेचं कार्ड फाटकाच्या यंत्राला टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. गडबड होते ती इथेच. जाताना मोबाइल टेकवला आणि येताना प्लास्टिकचं कार्ड, तर यंत्राच्या हिशेबी ते दोन वेगळे प्रवासी, आणि दोघांचाही प्रवास अर्धवट. मग दोन्हीकडून जास्तीचं भाडं कापलं जातं. एका कार्डावर दोघांनी जाता येत नाही. भारतातलं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला आणि कॉन्टॅक्टलेस वापर, दोन्ही सुरू करून निघा. एरवी ते बहुतेकदा बंदच असतात.

राहण्याचं गणित आधी मांडा, खरा खर्च तिथेच आहे. शहराचा पर्यटन कर खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के. त्यात २०२६ पासून राहण्यावरचा व्हॅट देशभर ९ वरून २१ टक्क्यांवर गेला. दिसणाऱ्या किमतीत शहराचा कर धरलाय की तो हॉटेलच्या काउंटरवर वेगळा भरायचा, हे आरक्षणाआधी तपासा. सेंट्रालपासून झानदाम हे शेजारचं गाव रेल्वेनं दहा-बारा मिनिटांवर आहे, हारलेम पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे भाडं उतरतं, गाड्या वरचेवर असतात. रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा.

[दृश्य: ब्राउवर्सग्राख्ट, सकाळ, रंगीत झडपांच्या वखारी]

चालायला सुरुवात ब्राउवर्सग्राख्टपासून करा. सेंट्रालपासून पायी दहा मिनिटं. हे लाकडी झडपांचे दरवाजे खिडक्या म्हणून केलेले नाहीत. प्रत्येक मजल्याला मधोमध एक मोठं दार, त्याच्या बरोबर वर आकडा. या वखारी. माल नावेतून आला की थेट आपापल्या मजल्यावर चढायचा. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सतरा संचालकांच्या बैठका मुख्यतः याच शहरात होत. कोकणात वेंगुर्ल्याला जी डच वखार पडक्या भिंतींनी उभी आहे, ती याच कंपनीची. तिथला हिशेब शेवटी इकडे यायचा.

इथून तीन मोठे कालवे सुरू होतात. शहराच्या मध्याकडून मोजायचं: हेरेनग्राख्ट, कायझर्सग्राख्ट, प्रिन्सेनग्राख्ट. त्यांच्याही आत जुना सिंगेल. खोदाई १६१३ ला सुरू झाली आणि पन्नासेक वर्षांनी दुसऱ्या टप्प्यात ॲम्स्टेल नदीपर्यंत नेली. २०१० पासून हा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे. सगळे कालवे एकसारखे दिसतात, म्हणून माणसं हटकून चुकतात. त्यावर उपाय घराच्या नंबरात आहे. या तिन्ही कालव्यांवर नंबर ब्राउवर्सग्राख्टच्या टोकाला सुरू होतात आणि ॲम्स्टेलकडे वाढत जातात. विषम नंबर आतल्या, म्हणजे शहराच्या मध्याकडच्या काठावर, सम नंबर पलीकडे. पाटी बघा, दिशा कळते. मोबाइलची बॅटरी वाचते.

[दृश्य: माथे, एकामागून एक]

माथ्यांवरून घराचं वय सांगता येतं. पायऱ्यापायऱ्यांचा माथा दिसला तर साधारण १६०० ते १६६५. मधे उंच मान आणि दोन्ही बाजूंना दगडी नक्षी, तर १६४० च्या सुमारापासूनचा. घंटेच्या आकाराचा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्यापर्यंत. साधा, नक्षी नसलेला, गाळणी उलटी धरल्यासारखा माथा वखारीचा. आणि वर आडवी सपाट पट्टी असेल तर अठराव्या शतकात किंवा नंतर कुणीतरी जुनं तोंड बदलून घेतलंय, मागचं घर मात्र जुनंच असू शकतं.

[दृश्य: डाम चौक, राजवाडा. मग जुनी चित्रं: दोर ओढणारी माणसं]

हा राजवाडा. १६४८ साली बांधायला घेतला तेव्हा तो नगरभवन होता. नेपोलियनच्या भावानं १८०८ मध्ये त्याचा राजवाडा केला. त्याच्या खाली १३,६५९ लाकडी खांब आहेत. हा आकडा इथली शाळकरी मुलं वर्षाच्या दिवसांवरून लक्षात ठेवतात: ३६५, आधी १, शेवटी ९.

खांब कशाला? वर दलदल, तिच्याखाली कुजकट माती आणि चिकणमाती. पहिला घट्ट वाळूचा थर लागतो तो जवळपास बारा मीटर खाली. पाइन किंवा स्प्रूसचा सरळ बुंधा, निमुळतं टोक खाली करून, वाळू लागेपर्यंत ठोकायचा. तिवईवर जड ठोकळा, त्याला बांधलेले दोर तीस-चाळीस माणसं ताल धरून एकदम ओढायची आणि सोडायची. ताल सांभाळायला गाणी होती. वाळूशी पोचला की खांब खाली जायला नकार देतो. तिथे थांबायचं, वरचं टोक भूजलाच्या पातळीखाली कापायचं, त्यावर आडवे ओंडके आणि फळ्या, आणि मग विटांची भिंत.

पाण्यात बुडालेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, कारण बुरशीला हवा मिळत नाही. भूजल खाली गेलं आणि खांबाची डोकी उघडी पडली की बुरशी लागते. एका घराचे खांब आधी गेले, शेजारच्याचे टिकले, की मघाशी पाहिलं तसं घर बाजूला कलतं. दुरुस्ती आतून होते. तळमजल्याची जमीन फोडतात, बुटक्या यंत्रानं लोखंडी नळ्यांचे खांब तुकड्यातुकड्यानं जोडत खाली दाबतात, त्यावर काँक्रीटचा जाड थर ओततात आणि भिंती त्यावर टेकवतात. घरमालक तोवर दुसरीकडे भाड्यानं राहतात.

[दृश्य: काठाची भिंत, पाण्यातल्या लोखंडी पट्ट्या, विटांत बसवलेल्या लहान मापनखुणा]

आपण ज्यावरून चालतोय तो काठसुद्धा असाच उभा आहे: लाकडी खांब, त्यावर फळ्यांचा पाट, पाटावर विटांची भिंत, मागे मातीला अडवणारी फळ्यांची आडकाठी. हा हिशेब हातगाड्या आणि घोडागाड्यांचा होता. त्यावर आता मालाचे ट्रक येतात. आडकाठीच्या फळ्यांत फट पडली की रस्त्याखालची वाळू थोडी थोडी कालव्यात वाहून जाते. वर फरसबंदी तशीच दिसते, आत पोकळी वाढते. दुसरं कारण पाण्याच्या बाजूनं. नावांच्या पंख्यांनी तळाचा गाळ उकरला जातो, तळ खोल होतो, खांबांचा पुढचा आधार सुटतो आणि ते पाण्याकडे वाकतात.

१ सप्टेंबर २०२० रोजी ग्रिमबुर्गवालवरचा असाच एक काठ विद्यापीठाच्या इमारतीशेजारी कालव्यात कोसळला. जखमी कुणी झालं नाही. अभ्यासकांनी जी कारणं पुढे ठेवली त्यांत हा उकरला गेलेला तळ ठळक आहे. शहराच्या हाती सुमारे ६०० किलोमीटर काठ आहे, त्यातल्या २०० किलोमीटरची तपासणी आणि दुरुस्ती चालू आहे. पाण्यात ठोकलेल्या या लोखंडी पट्ट्या आणि मागे भरलेली वाळू म्हणजे तात्पुरता टेकू. पक्क्या कामात भिंत पूर्ण काढतात, काठावरची झाडंही जातात, मग नवे खांब आणि जुन्या धाटणीच्या विटा.

नावांच्या पंख्यांनी काठ असे खचतात, म्हणून या चित्रफितीत काचेच्या छपराच्या नावेतली फेरी नाही. तासाचे पंधरा-वीस युरो हे त्याचं धाकटं कारण.

[दृश्य: वॉटरलोप्लाइन, पाण्याचे काचेचे तीन स्तंभ]

नगरभवन आणि ऑपेरा एकाच इमारतीत आहेत. तिच्या मधल्या वाटेवर पाण्याचे हे तीन काचेचे स्तंभ, बघायला पैसे नाहीत. दोन स्तंभांत आयमाउडन आणि फ्लिसिंगन इथली समुद्राची आत्ताची पातळी, भरती-ओहोटीसह. तिसरा डोक्याच्या बराच वर जातो: १९५३ च्या महापुरात नैर्ऋत्येकडच्या झीलँड प्रांतात चढलेलं पाणी, ४.५५ मीटर. सगळं मोजायचं ते खालच्या पितळी खिळ्यापासून, हा देशाच्या उंचीचा शून्य. महापौर योहानेस हुडे यांनी सतराव्या शतकात शहराच्या जलद्वारांवर पातळीच्या खुणेचे दगड बसवले, त्यांतून हा शून्य आला. त्या दगडांतला एक मूळ जागी, कोर्टे प्रिन्सेनग्राख्टच्या एनहोर्न जलद्वारात अजून आहे. कालव्यांचं पाणी या शून्याच्या ४० सेंटिमीटर खाली राखतात. दोन-चार सेंटिमीटरचा फरकही खांबांच्या डोक्यांना कळतो. ठरावीक रात्री पूर्वेकडच्या पंपघरातून ताजं पाणी सोडून कालवे धुतले जातात. तळातून दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली निघतात.

मेट्रोचा एकच प्रवास करायचा असेल तर रोकिन स्थानकाचा करा. मेट्रोसाठी ॲम्स्टेलचं जुनं पात्र खणलं तेव्हा सापडलेल्या सुमारे साडेनऊ हजार वस्तू सरकत्या जिन्यांच्या मधल्या काचेत मांडल्यात: नाणी, चाव्या, चिनी मातीचे तुकडे, मोबाइल फोन. जिन्याचा वेग कमी करता येत नाही, म्हणून दोनदा वरखाली जा.

[दृश्य: अल्बर्ट काउप बाजार, तव्यावरची रोटी]

जेवण. नॉर्डरमार्क्टचा शेतकरी बाजार शनिवारी असतो. अल्बर्ट काउप सोमवार ते शनिवार, रविवारी बंद. आपले दोन दिवस शनिवार-रविवारचे, तेव्हा तो शनिवारीच उरका. ताज्या स्ट्रोपवाफल (मधे पाक भरलेली पातळ वाफल) शेजारी पोटभरीचं काही हवं असेल तर सुरिनामी रोटी. १८७३ मध्ये कलकत्त्याहून मजुरांना घेऊन पहिलं जहाज सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, गेलं. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमाराला त्यांचे वंशज मोठ्या संख्येनं इकडे आले. वाटलेली डाळ भरलेली ही रोटी, सोबत बटाटा, चवळीच्या लांब शेंगा आणि उकडलेलं अंडं. कोंबडीशिवाय मिळते. अंडं नको असेल तर मागतानाच सांगा. दहा ते चौदा युरोत एक ताट, बरेचदा दोघांना पुरतं. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. बऱ्याच दुकानांत रोख रक्कम घेत नाहीत.

संग्रहालयांत चित्रीकरणाला परवानगी नव्हती, म्हणून एवढंच: ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात, आणि शनिवार-रविवारची लगेच संपतात. दारात रांग लावून काही होत नाही.

[दृश्य: सेंट्रालची मागची बाजू, फेरी, सायकलींची गर्दी]

स्टेशनच्या मागच्या बाजूनं बाहेर पडा. आय या जुन्या खाडीपलीकडे जाणाऱ्या या फेरीबोटी फुकट आहेत, तिकीट नाही की कार्ड टेकवणं नाही. बाउक्सलोटरवेगची काही मिनिटांत पोचते आणि रात्रभर चालते. एनडीएसएमची पंधराएक मिनिटं घेते आणि जुन्या जहाजबांधणीच्या आवारात उतरवते. शहराचा पाण्यावरून देखावा हवा असेल तर तो इथून घ्या, इथलं पात्र रुंद आहे. चढताना सायकलवाल्यांना आधी जाऊ द्या, उतरताना तेच आधी सुटतात.

सायकल भाड्यानं घेणार असाल तर तीन गोष्टी. बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं मारलं की थांबते. ट्रामच्या रुळात चाक अडकतं, म्हणून रूळ तिरपा नव्हे, काटकोनात ओलांडा. आणि कुलपं दोन: एक चाकाचं, एक साखळीचं, साखळी कठड्याला. चालणाऱ्यांसाठी एकच, तांबडा डांबरी पट्टा सायकलचा आहे, त्यावर उभं राहून फोटो काढू नका.

[दृश्य: रेगुलिर्सग्राख्ट, रात्र, दिव्यांच्या कमानी]

हेरेनग्राख्ट आणि रेगुलिर्सग्राख्ट जिथे मिळतात तिथे पुलावर उभं राहा. सात पूल एका ओळीत. नावेतून ही ओळ जास्त सरळ दिसते, हे मान्य. गर्दीमुळे शहरानं नव्या हॉटेलांना जवळपास बंदी केलीय, भाडी चढलीत, जुने रहिवासी बाहेर जातायत.

[दृश्य: रविवार, फलाटावरचा फलक]

परतीसाठी एक काळजी. रुळांची मोठी कामं शनिवार-रविवारी काढतात. रद्द झालेल्या गाडीऐवजी बस असते आणि ती पाव तासात पोचत नाही. सकाळीच रेल्वेच्या ॲपमध्ये स्किपॉलची गाडी बघा, कामं असतील तर तासभर आधी निघा, आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवा.