निघत नाही, म्हणजे काहीतरी राहिलंय

मंडळी, टेबलावर हे जे काळं, जाडजूड धूड ठेवलंय ना, चार आचळांच्या कासेसारखं, ते इनटेक मॅनिफोल्ड. ते काढून परत कसं बसवायचं, ते आज बघू. चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचं आहे. हात लावून बघा, प्लास्टिक आहे. काचेचे तंतू घातलेलं नायलॉन. जुन्या गाड्यांत हेच अॅल्युमिनियमचं असायचं. एका तोंडाने हवा आत येते, चार नळ्यांत वाटली जाते आणि इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, शिरते. काम एवढंच.

मग त्याला एवढं जपायचं कशासाठी? एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, आणि किती हवा आत गेली याच्या हिशेबावर गाडीचा कम्प्युटर पेट्रोल सोडतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवेच्या तोंडावरची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे या पोटात बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच दाब उरतो. अशा वेळी कुठे केसाएवढी फट राहिली, तरी तिथून हवा चोरपावलांनी आत घुसते. मग आयडलिंग वरखाली होतं, शीळ ऐकू येते, चेक इंजिनचा दिवा लागतो. म्हणून सांगतो, हे काम जोराचं कमी आणि डोळ्यांचं जास्त.

सुरुवात थंड इंजिनवर. आणि आधी पेट्रोलचा बंदोबस्त. पोर्टमध्ये, म्हणजे हेडच्या हवेच्या भोकात, पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांच्या फ्युएल रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, तीन-चार बारचा दाब असतो. पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यायचं, पुन्हा दोन-तीन सेकंद स्टार्टर मारायचा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. तरीही पाइप सोडताना जोडावर फडकं गुंडाळा, थोडं पेट्रोल येतंच. जवळपास विडी-सिगारेट, गीझर, शेगडी काही नको. आणि तुमची गाडी थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारी असेल, तर तिच्या हाय प्रेशर पाइपांना पहिल्याच कामात हात घालू नका. तिथला दाब शंभर बारच्या वर जातो. तो चामडी फोडून आत शिरतो.

आता कपलर, म्हणजे वायरींचे जोड, आणि होज पाइप. प्रत्येकाचा फोटो काढा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा. सगळे सांगतात हे, आणि पहिल्या वेळी सगळे टाळतात. कपलरची लॉकपट्टी दाबायची आणि कपलरचं अंग धरून ओढायचं, वायर धरून नाही. इंजिनच्या उष्णतेने ते प्लास्टिक खारीसारखं ठिसूळ झालेलं असतं. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीतून कूलंटही फिरतो, तो आधी उतरवून घ्या, नाहीतर पोर्टमध्ये सांडतो.

बोल्टसाठी माझी पद्धत सांगतो. पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचा ओबडधोबड आकार काढतो आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी पुठ्ठ्यात खुपसून ठेवतो. कारण सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, पाना सांगतो घट्ट झालं, आणि मॅनिफोल्ड मात्र ढिलाच. त्यावर आणखी जोर लावला की अॅल्युमिनियमचे आटे गेले म्हणून समजा. सोडताना टोकांकडून मधे या, प्रत्येकाला आधी अर्धा फेरा द्या, मग पूर्ण सोडा.

सगळे बोल्ट निघाले आणि मॅनिफोल्ड हलत नाही. इथे नवशिका माणूस स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो. नका! निघत नाही, म्हणजे काहीतरी राहिलंय. बहुतेक वेळा खालच्या बाजूला, इंजिन ब्लॉककडे जाणारा एक ब्रॅकेट असतो, वरून न दिसणारा. मोबाइलचा कॅमेरा खाली घालून बघा, बोटांनी चाचपा. सगळं खरोखरच सुटलं असेल, तर हाताच्या तळव्याने चार थापा मारल्या की जुनं गॅस्केट, म्हणजे मॅनिफोल्ड आणि हेडमधलं रबरी सील, सोडतं. स्क्रूड्रायव्हरने हेडच्या तोंडावर ओरखडा उठला, तर नवं गॅस्केटही तो भरून काढणार नाही.

उचलण्याआधी बुडाशी साचलेली धूळ ब्रशने झाडा. उचलल्यावर चार भोकं तुमच्याकडे बघत असतात, आणि खरा धोका तिथे आहे. माझ्या पहिल्या वेळी तिसऱ्या नंबरच्या पोर्टमध्ये कपलरच्या लॉकपट्टीचा तुकडा पडला, तांदळाच्या दाण्याएवढा. चुंबक आणला, पण प्लास्टिकला चुंबक काय करणार! नशीब, त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मिटलेला होता. तुकडा त्याच्या पाठीवर बसलेला टॉर्चमध्ये दिसत होता. घरातली विणकामाची सुई घेतली, टोकाला ग्रीसचा ठिपका लावला, आणि तो दाणा चिकटवून वर आणायला पाऊण तास लागला. दोनदा अर्ध्यातून परत पडला. सुई अजून माझ्या टूलबॉक्समध्येच आहे, घरात अधूनमधून तिची चौकशी होते. तेव्हापासून मॅनिफोल्ड हलला की आधी पोर्टमध्ये फडकी. धागे न सुटणारी, भडक रंगाची, शेपूट बाहेर राहील अशी, आणि मोजून. चार घातली तर चार निघाली पाहिजेत.

जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ड्रिलला लावायची घासणी चकती तिथे नको, तिची भुकटी तेलात मिसळून बेअरिंग खाते. हे जुनं गॅस्केट जरा हातोहात फिरवा. कड बघा कशी चपटी पडलीये. रबर एकदा असं बसलं की पुन्हा फुगत नाही, म्हणून गॅस्केट नवंच घ्यायचं. इंजेक्टर काढले असतील तर त्यांचे ओ-रिंगही नवे, आणि बसवताना त्यांना इंजिन ऑइलचा एक थेंब.

बसवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवून घ्या, पाना नंतर. घट्ट करताना मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या, पण अंदाज यावा म्हणून सांगतो: 10 न्यूटन-मीटर म्हणजे 20 सेंटीमीटरच्या दांड्यावर जेमतेम पाच किलोचा भार. छोट्या बोल्टांना एवढंच लागतं. नेहमीच्या हाताने आवळाल तर त्याच्या दुप्पट सहज जाईल.

चालू करण्याआधी फ्यूज लावा, बॅटरी जोडा, कूलंट भरा. चावी नुसती ऑन करा, पंपाची घरघर थांबू द्या, बंद करा. असं दोन-तीनदा. मग रेलच्या जोडांवर टॉर्च मारून ओल बघा. ओल दिसली तर स्टार्टर मारायचा नाही.

आणि एक होज मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. मॅनिफोल्डमधून ब्रेक बूस्टरकडे, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे, जाणारा जाड पाइप. तो निसटला किंवा क्लिप राहिली, तर ब्रेक दगडासारखा कडक होतो, आणि ते कळतं उतारावर. म्हणून इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं, तरच गिअर टाका.